नवख्याचे मानधन आणि जुन्याचा रोष

ज्याचे एकही पुस्तक अजून वाचकांपुढे आलेले नाही अशा लेखकाला प्रकाशक लाखो-कोटींची आगाऊ रक्कम देतो, तेव्हा वीस-तीस वर्षे लिहीत आलेल्या लेखकांच्या मनात रोष उठतो. हा रोष मत्सर म्हणायचा की अन्यायाची चीड, हा धर्मविचारातला आणि नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तक्रारीचे शब्दसुद्धा तेच असतात. पण मत्सराची गणना षड्रिपूंत होते, आणि अन्यायाची चीड नसती तर जगातला कोणताही अन्याय कधी उघड्यावर आला नसता. या दोन भावना एकमेकींपासून सोडवायच्या कशा, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

आगाऊ रक्कम म्हणजे पुढे मिळायच्या रॉयल्टीतली उचल. पुस्तक विकले जाऊ लागले की रॉयल्टी आधी त्या उचलीत वळती होते आणि ती फिटल्यावरच लेखकाच्या हाती पुढचे पैसे पडतात. पुस्तक पडले तर उचल सहसा परत मागितली जात नाही. तोटा प्रकाशकाच्या अंगावर राहतो. म्हणजे ही रक्कम झालेल्या कामाचा मोबदला नसते. अजून न घडलेल्या विक्रीवर प्रकाशकाने लावलेला तो पैसा असतो. अरुंधती रॉय यांच्या पहिल्याच कादंबरीचे हक्क १९९६ मध्ये सुमारे पाच लाख पौंडांच्या आगाऊ रकमांवर विकले गेले. पुढच्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. अमीश त्रिपाठी यांना २०१३ मध्ये पुढच्या मालिकेसाठी वेस्टलँडने पाच कोटी रुपये देऊ केले. तोवर त्यांची शिवत्रयी गाजलेली होती, तेव्हा त्यांना नवखे म्हणता येणार नाही. ते खरोखर नवखे होते तेव्हा, २०१० मध्ये, प्रस्थापित प्रकाशकांचे नकार पचवून त्यांना पहिले पुस्तक आपले आपणच बाजारात आणावे लागले होते.

मराठीत या आकड्यांशी ताडून पाहावे असे काही जवळपास नाही. आवृत्ती साधारण हजार प्रतींची, अलीकडे तर पाचशेची किंवा त्याहूनही लहान. रॉयल्टी बहुधा छापील किमतीच्या दहा टक्के. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या तर लेखकाला तीस हजार रुपये मिळतात, आणि तेही आवृत्ती संपायला लागतील तेवढ्या वर्षांत. याच दराने पाच कोटींची उचल फेडायची तर साडेसोळा लाखांहून अधिक प्रती विकाव्या लागतील. नागपूरचेच उदाहरण घेतले, तर तिथल्या साहित्याचा इतिहास म्हणूनच बहुतांशी पगारावर घर चालवून लिहिणाऱ्यांचा इतिहास आहे. कवी अनिल सरकारी सेवेत होते, ग्रेस महाविद्यालयात मराठी शिकवत, महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवत, मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. पगाराचा आधार सोडून लेखणीवर संसार चालवू पाहणाऱ्यांचे काय होते, हे विदर्भाने उद्धव शेळके यांच्या रूपाने पाहिले. ‘धग’सारखी कादंबरी १९६० साली लिहिणाऱ्या या लेखकाला पुढे बाजाराला हव्या तशा कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहीत राहावे लागले. त्या लिहिताना न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचा हिशेब कुठेच मांडला जात नाही.

मराठी लेखकाला कोटींची उचल ठाऊक नसली, तरी तो रोष चांगला ठाऊक आहे. पुरस्कार, शासकीय ग्रंथखरेदीची यादी, अभ्यासक्रमात लागलेले पुस्तक, संमेलनाच्या व्यासपीठावरची खुर्ची, दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या चेहऱ्याच्या पहिल्याच पुस्तकाची वाजतगाजत निघालेली आवृत्ती, या सगळ्यांभोवती तीच भावना फिरते. ॲरिस्टॉटलने या भावनेचे केलेले विवेचन आजही उपयोगी पडते. मत्सर दूरच्या माणसाचा होत नाही, तो बरोबरीच्यांत उपजतो, असे त्याचे निरीक्षण होते. लंडनमधल्या कादंबरीकाराला मिळालेल्या लाखो पौंडांनी नागपूरच्या कवीची झोप उडत नाही. सीताबर्डीवर रोज भेटणाऱ्या, कालपरवा लिहू लागलेल्या मुलाला मिळालेल्या पाच हजारांच्या पारितोषिकाने ती उडू शकते. महाभारताच्या सभापर्वात दुर्योधन आपल्या दुखण्याचे कारण स्पष्ट सांगतो. त्याच्या स्वतःच्या घरात काही कमी नाही. युधिष्ठिराकडे आलेली संपत्ती त्याला बघवत नाही. मत्सराचे खरे लक्षण हेच. त्याला स्वतःसाठी काही हवे असतेच असे नाही, दुसऱ्याकडे ते नसले म्हणजे पुरते.

ॲरिस्टॉटलने मत्सराशेजारी आणखी एक भावना ठेवली आणि तिला गुणांच्या यादीत जागा दिली. कोणाचेही भले झाले की मत्सरी माणसाला दुःख होते. न्यायी माणसाला मात्र अपात्राचे भले झाले तरच दुःख होते. यातून एक कसोटी हाती येते. ज्या नवख्या पुस्तकावर एवढा पैसा लागला ते वाचून उत्तम निघाले, तर रोष निवायला हवा. तो निवला तर मूळ भावना न्यायाची होती. पुस्तक चांगले निघाल्यावर रोष उलट वाढला, तर तो मत्सर होता. ही कसोटी दुसऱ्याला लावता येत नाही, ज्याची त्यानेच स्वतःला लावायची असते. म्हणूनच ती धर्माच्या प्रांतातली आहे.

नवख्याला अनुभवी माणसाइतके, किंबहुना जास्त मिळणे मुळात अन्याय्य आहे का, या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर बायबलच्या नव्या करारात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो आणि दिवसाची एक दिनार मजुरी ठरवतो. मग दिवसभर थोड्या थोड्या वेळाने आणखी मजूर आणतो. शेवटचे तर दिवस मावळायला तासभर उरला असताना येतात. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दिनार देतो, आणि सुरुवात शेवटी आलेल्यांपासून करतो. पहाटेपासून ऊन सोसलेले मजूर कुरकुर करतात. मालकाचे म्हणणे असे की ठरलेले तुम्हाला मिळाले आहे. माझ्या औदार्याने तुमचे काय बुडाले?

बायबल एका मोठ्या मराठी कवीच्या हाती पडले तो नागपूरहून निघालेल्या प्रवासातच. नारायण वामन टिळक १८९१ च्या सुमारास संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी नागपुरात आले. १८९३ मध्ये राजनांदगावला नोकरीवर जाताना आगगाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली आणि त्याच्याकडून त्यांना ते मिळाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांची कविता आश्रयदात्यांच्या मर्जीवर आणि मिशनच्या तुटपुंज्या वेतनावर वाढली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून मराठी वाचकांना माहीत आहे.

त्याच दृष्टान्ताची दुसरी वाट नागपूरच्या शेजारी, वर्ध्याला येऊन पोहोचते. जॉन रस्किनने अर्थशास्त्रावरच्या १८६० मधल्या आपल्या निबंधांना नाव दिले ते या दृष्टान्तातल्या शेवटच्या मजुरावरून. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक एका बैठकीत वाचले, १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचे गुजराती रूपांतर केले, आणि पुढे १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आल्यावर त्याच विचारावर आश्रमाचे जीवन बेतले. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखे, कारण दोघांचाही पोटापुरते मिळवण्याचा हक्क सारखा, हा गांधीजींनी काढलेला अर्थ. मजुरी माणसाच्या गरजेवर ठरावी, त्याच्या पूर्वकीर्तीवर नव्हे, असे एकदा मानले की नवख्या लेखकाविरुद्धचा निम्मा युक्तिवाद गळून पडतो. नवख्यालाही भाडे भरायचे असते, त्यालाही मुलांची फी द्यायची असते.

पण या दृष्टान्तातली एक गोष्ट प्रवचनांत फारशी बोलली जात नाही, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. पहाटे आलेल्या मजुरांना ठरलेली दिनार पुरती मिळालेली आहे. शिवाय मजुरी सगळ्यांच्या देखत वाटली गेली, म्हणूनच कोणाला किती मिळाले हे सर्वांना कळले. मालकाला औदार्याचा अधिकार मिळतो तो या दोन गोष्टींमुळे. त्याने पहिल्यांची मजुरी बुडवून शेवटच्यांना दिनार दिली असती, तर ते औदार्य राहिले नसते, ती चोरी झाली असती. ‘माझे पैसे मी वाटेल त्याला देईन’ हे म्हणायला आधी ते पैसे आपले असावे लागतात. ज्या पुस्तकांच्या विक्रीचा हिशेब लेखकांना वर्षानुवर्षे दिलेलाच नाही, त्यांतून आलेला पैसा प्रकाशकाचा पूर्णपणे स्वतःचा झालेला नसतो.

मराठी ग्रंथव्यवहारातली खरी जखम इथे आहे. आवृत्ती किती प्रतींची छापली, किती गेल्या, किती उरल्या, पुढची आवृत्ती निघाली का, हे लेखकाला प्रकाशक सांगेल तेवढेच कळते. हिशेब चोख ठेवणारे, वर्षाअखेरीस न मागता धनादेश पाठवणारे प्रकाशक मराठीत आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण लेखी करार न करता, ओळखीवर आणि भिडेवर चालणारा व्यवहारही पुष्कळ आहे. नवा लेखक पहिल्या पुस्तकासाठी अनेकदा पदरचे पैसे घालतो. त्याला उचल मिळण्याऐवजी त्याच्याकडूनच उचल घेतली जाते. कायदा या बाबतीत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क सोपवण्याचा करार लेखी हवा आणि त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टीवर दिले हे नमूद असायला हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास ते संपुष्टात येतात. ही कलमे ठाऊक असलेला लेखक विरळा, आणि ठाऊक असून बोलून दाखवणारा त्याहून विरळा.

लेखक बोलत नाही, याला एक धार्मिक कारणही आहे. फळाची आशा न धरता कर्म करावे, ही गीतेची शिकवण मराठी मनात खोल मुरलेली आहे. पवनारला धाम नदीकाठी राहणाऱ्या विनोबांनी ती ‘गीताई’तून आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या, साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या प्रवचनांतून घरोघरी पोहोचवली. मानधनाचा विषय काढणे हलकेपणाचे, सरस्वतीचा बाजार मांडण्यासारखे, असा संस्कार त्यातूनच बळावला. इथे एक गफलत होते. फलाशा सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. त्याचे देणे लागणाऱ्याला तो लागू होत नाही. अर्जुनाला सांगितलेली गोष्ट देणे लागणाऱ्याने आपल्या बचावासाठी वापरणे हा गीतेचा उघड दुरुपयोग आहे. लिहिताना पैशाचा विचार मनात नसणे ही साधना. लिहून झाल्यावर हिशेब मागणे हा व्यवहार. साधना शुद्ध ठेवण्यासाठी व्यवहार अशुद्ध ठेवावा लागतो असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

वारकरी परंपरेचा दाखला इथे नेहमी दिला जातो, आणि तो वजनदार आहे. कीर्तनकाराने कीर्तनाच्या मोबदल्यात पैसे घेऊ नयेत, त्या घरी जेवूसुद्धा नये, हा तुकोबांचा दंडक प्रसिद्ध आहे. पण तो दंडक जिथे देणाराही काही कमावत नाही, ऐकणाराही काही मोजत नाही, अशा ठिकाणचा आहे. छापील पुस्तकात कागदवाल्याला, मुद्रकाला, बांधणीवाल्याला, विक्रेत्याला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात. एवढ्या सगळ्या साखळीत फक्त लेखकाने तुकोबांचा दंडक पाळायचा, ही अपेक्षा भक्तीतून आलेली नाही. विदर्भाच्याच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त श्रमाला संपत्तीचे मोल दिले आणि श्रमणाऱ्याच्या वाट्याला दैन्य यावे हे समाजाचे पाप मानले. लेखन हा श्रम आहे, हे मान्य केले की त्याच्या मजुरीचा प्रश्न आपोआप धर्माचा प्रश्न होतो.

नवख्याच्या यशाचे आणखी एक स्पष्टीकरण पूर्वसंचिताचे दिले जाते. त्याचे पूर्वपुण्य होते, म्हणून त्याला मिळाले. दुसऱ्याचे नव्हते, म्हणून तो उपाशी राहिला. या स्पष्टीकरणाने मत्सर थोडा निवतो खरा, पण त्याबरोबर न्यायाची जाणीवही झोपी जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्मावर आजची विषमता सोपवणारा सिद्धान्त ठामपणे नाकारला. गरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकण्यासाठीच तो सिद्धान्त उपयोगी पडतो, असे त्यांचे विश्लेषण होते. हा ग्रंथ आणि नागपूर यांचे नाते वेगळे सांगायला नको. तो छापण्याच्या धडपडीची कथा मात्र कमी सांगितली जाते. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धर्मांतराच्या बरोबर एक महिना आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले की छपाईचा सुमारे वीस हजार रुपयांचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि बुद्ध जयंतीच्या वर्षात वाटण्यासाठी सरकारने पाचशेक प्रती विकत घ्याव्यात. त्यासाठीचा निधी संपला असल्याचे उत्तर आले. त्या वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सहा दशकांहून अधिक काळ तो अखंड छापला जातो आहे. कोणते पुस्तक किती रकमेचे, हे आधी सांगण्याची बाजाराची शक्ती किती तोकडी आहे याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

बौद्ध साधनेत मत्सरावर जो उतारा सांगितला आहे तो मुदितेचा. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने स्वतः सुखावणे. चारांत ती सर्वांत अवघड मानावी लागेल; दुःखी माणसाची कणव येणे सोपे, बरोबरीच्या माणसाच्या भरभराटीने आनंदणे कठीण. पण याच धम्मात सम्यक आजीविकाही, म्हणजे योग्य मार्गाने पोट भरणेही, आहे, आणि ती लेखकाइतकीच प्रकाशकालाही बांधते. मुदिता लेखकाने साधायची, सम्यक आजीविका प्रकाशकाने सांभाळायची. एकाला मुदितेचा उपदेश करून दुसऱ्याला मोकळे सोडले तर धम्माचा अर्धाच भाग उरतो.

नवख्यावर विश्वास टाकणे ही स्वतःत चांगलीच गोष्ट आहे, हे मराठी साहित्याला तरी पटवून द्यावे लागू नये. भालचंद्र नेमाडे पंचविशीत असताना रा. ज. देशमुखांनी १९६३ मध्ये त्यांची ‘कोसला’ छापली. एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथे’त आली, ती विजया मेहतांच्या नजरेत भरली आणि पारव्यात जन्मलेल्या, नागपुरात राहणाऱ्या एका अपरिचित तरुणाला मुंबईची रंगभूमी मिळाली. ‘ग्रंथाली’ने १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ काढले. यांतल्या कोणाच्याही मागे पैशाची थैली नव्हती. होता तो एका जाणत्या माणसाने किंवा चळवळीने दाखवलेला विश्वास. तेव्हा आक्षेप घ्यायचा तर तो विश्वासावर नव्हे, तो कोणावर टाकला जातो आणि कोणावर कधीच टाकला जात नाही, यावर घ्यायला हवा. जून २०२० मध्ये इंग्रजीतल्या लेखकांनी आपापल्या आगाऊ रकमा जाहीर केल्या तेव्हा हे उघड झाले. ज्या कादंबऱ्यांनी एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळवून दिला होता, त्या कादंबऱ्यांसाठी तिला प्रत्येकी पंचवीस हजार डॉलर मिळाले होते, आणि काही गोऱ्या लेखकांना पहिल्याच पुस्तकासाठी त्याच्या कित्येक पट. आकडे झाकलेले होते तोवर ज्याला व्यक्तिगत मत्सर म्हणून हिणवता येत होते, आकडे उघडे होताच तो अन्यायाचा पुरावा ठरला.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये केलेला एक भेद इथे कामी येतो. जन्मजात प्रतिभा, ती फुलवणारे घर, योग्य वेळी भेटलेला संपादक, यांपैकी काहीही कोणी स्वतःच्या पुण्याईने कमावलेले नसते. म्हणून ‘मी याला नैतिकदृष्ट्या पात्र आहे’ हा दावा कोणाचाच टिकत नाही. मात्र ठरलेल्या नियमांप्रमाणे जे मिळायला हवे, त्यावरचा हक्क पक्का असतो. वीस वर्षे लिहिणाऱ्याला नवख्याहून मोठी उचल मिळायलाच हवी, असे कोणताही न्याय सांगत नाही. त्याच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीचे दहा टक्के त्याला मिळायलाच हवेत, असे प्रत्येक न्याय सांगतो.

विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून लेखकांची संस्था म्हणून उभा आहे, आणि महाराष्ट्रात अशा संस्था आणखीही आहेत. त्यांनी लेखकांसाठी करारनाम्याचा एक नमुना तयार करावा, दर आवृत्तीच्या प्रतींचा आकडा पुस्तकात छापण्याचा आग्रह प्रकाशकांकडे धरावा आणि वर्षाचा हिशेब न देणाऱ्यांविरुद्ध लेखकाच्या बाजूने उभे राहावे. नवख्याला मिळालेली रक्कम मोजत बसण्यापेक्षा ज्येष्ठ लेखकांनी ही मागणी एकत्र येऊन करावी, आणि त्या मागणीत पहिले पुस्तक घेऊन आलेल्या लेखकालाही आपल्या शेजारी उभे करावे.